त्रिथेमियस वाचायला सुरुवात कुठून करावी

योहानेस त्रिथेमियस या जर्मन मठाधिपतीचे नाव मराठी वाचकाच्या कानावर बहुधा तीनपैकी एका वाटेने येते. संगणकसुरक्षेचा अभ्यास करणाऱ्याला ‘स्टेगॅनोग्राफी’ हा शब्द भेटतो आणि तो याच माणसाच्या ग्रंथनामातून आल्याचे कळते. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्याला सूचिवाङ्मयाच्या इतिहासात तो आढळतो. तिसरी वाट गूढविद्येची; तेथे तो भूतपिशाचांना हुकूम सोडणारा मांत्रिक म्हणून उभा केलेला असतो आणि या वाटेवर सर्वांत जास्त गर्दी असते. मी स्वतः पहिल्या वाटेने गेलो आणि थेट त्याचा सर्वांत अवघड ग्रंथ उघडला, त्यामुळे बरेच महिने मला काहीच उलगडले नाही. पुढील क्रम त्या चुकीवरून सुचलेला आहे. त्याचा मथितार्थ इतकाच, की त्रिथेमियसला आधी पोथ्या जमवणारा आणि उतरवून घेणारा भिक्षू म्हणून ओळखावे. त्याची सूची, त्याच्या सांकेतिक लिप्या, इतकेच काय त्याच्या लबाड्यासुद्धा त्याच लेखनाच्या मेजावर जन्मलेल्या आहेत.

पहिली पायरी : गाव, नाव आणि मोजक्या तारखा

मोझेल नदीच्या काठी त्रित्तेनहाइम नावाचे द्राक्षमळ्यांचे गाव आहे. तेथे १ फेब्रुवारी १४६२ रोजी त्याचा जन्म झाला आणि गावाच्या नावावरूनच पुढे त्याने ‘त्रिथेमियस’ हे लॅटिन वळणाचे नाव धारण केले. वडील तो तान्हा असतानाच वारले. आईने दुसरे लग्न केले, आणि सावत्र वडिलांना मुलाचे शिकणे मान्य नसल्यामुळे त्याला चोरूनमारून अक्षरओळख करून घ्यावी लागली, असे तो स्वतः सांगतो. त्याच्या आयुष्यातील पुष्कळ गोष्टींना ‘असे तो स्वतः सांगतो’ ही पुस्ती जोडावी लागते. ती का, हे पाचव्या पायरीवर येईल. पोरवयातच घर सोडून तो शिकायला बाहेर पडला आणि अखेर हायडेलबर्गच्या विद्वानांच्या वर्तुळात पोचला.

१४८२ च्या जानेवारीत एका सोबत्यासह तो गावाकडे निघाला असताना वाटेत हिमवादळाने गाठले, म्हणून दोघांनी श्पोनहाइमच्या बेनेडिक्टाइन (म्हणजे संत बेनेडिक्टचा नियम पाळणाऱ्या) मठात आसरा घेतला. हा मठ बाड क्रॉइत्स्नाख या गावाजवळ होता. लहान, कर्जबाजारी आणि शिस्त ढिलावलेला. रात्रीपुरता थांबलेला हा पाहुणा तेथेच राहिला, त्याच वर्षी त्याने व्रतदीक्षा घेतली आणि जुलै १४८३ मध्ये, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, भिक्षूंनी त्याला मठाधिपती निवडले. आपल्याकडे मठाधिपती म्हटले की गुरुपरंपरेने आलेला वारस डोळ्यांसमोर येतो. बेनेडिक्टाइन मठात मात्र भिक्षूच मत देऊन आपला प्रमुख निवडत आणि एकदा निवडलेल्याची आज्ञा पित्याची म्हणून पाळत. ज्येष्ठांच्या डोळ्यांदेखत तेथील सर्वांत अलीकडचा पोरगा त्यांचा पिता झाला, ही गोष्ट पुढील बखेडे समजून घेताना लक्षात ठेवावी.

श्पोनहाइममध्ये तो सुमारे बावीस वर्षे राहिला. १५०५ मध्ये तो मठाबाहेर असताना आतल्या भिक्षूंचे त्याच्याशी बिनसले. कडक शिस्त, लेखनाचे सक्तीचे काम आणि पुस्तकांवर होणारा खर्च यांना ते कंटाळले होते. तो परत गेलाच नाही. काही काळ ब्रांडेनबुर्गच्या राजदरबारी काढून १५०६ मध्ये त्याने वुर्त्सबुर्ग येथील सेंट जेम्सच्या मठाचे अधिपतिपद स्वीकारले आणि १३ डिसेंबर १५१६ रोजी तेथेच त्याचा अंत झाला. तारखांचे एवढे टाचण वहीत करून घ्यावे, कारण ‘श्पोनहाइमचे लेखन’ आणि ‘वुर्त्सबुर्गचे लेखन’ हा भेद पुढे सतत लागतो.

दुसरी पायरी : ज्या नियमाखाली तो जगला, तो वाचा

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने घालून दिलेला नियमग्रंथ आकाराने छोटा आहे आणि त्याची इंग्रजी भाषांतरे सहज मिळतात. संपूर्ण वाचण्याची गरज नाही. अठ्ठेचाळिसावे प्रकरण पुरे. आळस हा आत्म्याचा शत्रू आहे, असे म्हणून ते प्रकरण दिवसाचे तास अंगमेहनत आणि वाचन यांत वाटून देते. उपवासकाळाच्या आरंभी प्रत्येक भिक्षूला एकेक ग्रंथ द्यावा आणि त्याने तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ वाचावा, अशीही तेथे आज्ञा आहे. पंधराव्या शतकात जर्मनीतील पुष्कळ मठांनी हा मूळ नियम पुन्हा काटेकोरपणे पाळण्यासाठी बुर्सफेल्डे या मठाभोवती संघ उभारला होता. श्पोनहाइम त्या संघात होते आणि त्रिथेमियस संघाच्या सभांमधला एक बोलका माणूस होता. अंगमेहनत म्हणजे शेत नांगरणे की पुस्तक उतरवणे, या जुन्या प्रश्नाला त्याचे उत्तर पक्के होते.

तिसरी पायरी : पहिले पुस्तक म्हणून ‘लेखनिकांची स्तुती’

सुरुवात याच छोट्या ग्रंथाने करावी. ‘दे लौदे स्क्रिप्तोरुम’ हे त्याचे लॅटिन नाव. १४९२ मध्ये, डॉइट्झच्या मठाधिपतीच्या विनंतीवरून, त्याने हा लिहिला. तोवर गुटेनबर्गच्या बायबलाला साडेतीन दशके उलटली होती, आणि श्पोनहाइमपासून फार दूर नसलेल्या माइन्त्स शहरात छापखाने धडाक्याने चालले होते. अशा काळात एक तिशीतला मठाधिपती सांगतो की भिक्षूंनी हाताने पुस्तके उतरवणे थांबवता कामा नये.

त्याचे युक्तिवाद क्रमाने टिपावेत, कारण पुष्कळ लोक त्याला ‘यंत्राला घाबरलेला म्हातारा’ ठरवून मोकळे होतात आणि ते सपशेल चूक आहे. पहिला युक्तिवाद टिकाऊपणाचा. चर्मपत्रावरचे लेखन हजार वर्षे टिकेल, कागदावर छापलेले पुस्तक फार तर दोनशे वर्षे टिकेल, असा त्याचा हिशेब होता. (चिंध्यांपासून केलेल्या त्या काळच्या कागदाने हा हिशेब खोटा पाडला, त्या वेळची छापील पुस्तके पाचशे वर्षांनंतरही सुस्थितीत आहेत.) दुसरा युक्तिवाद निवडीचा. सगळेच ग्रंथ काही छापले जाणार नाहीत, आणि जे छापले जाणार नाहीत त्यांना लेखनिकच वाचवील. हा मुद्दा आजही खोडता येत नाही. कोणत्या पोथ्यांचे छायाचित्रण होते आणि कोणत्या कपाटात राहतात, हे पाहिलेल्या माणसाला तर तो मुळीच खोडावासा वाटणार नाही. तिसरा युक्तिवाद आध्यात्मिक आहे आणि त्याच्या लेखी तोच सर्वांत वजनदार होता: जो पवित्र ग्रंथ उतरवतो, तो त्यातील शब्द हळूहळू मनात मुरवतो, आणि लिहिणारा हात रिकाम्या मनाला भरकटू देत नाही. त्याच ओघात तो एका लेखनिकाची दंतकथा सांगतो. आयुष्यभर ग्रंथ उतरवलेल्या या भिक्षूची कबर पुष्कळ वर्षांनी उघडली, तेव्हा बाकी देह मातीला मिळालेला होता, पण लेखणी धरणारी तीन बोटे जशीच्या तशी होती.

यानंतर एक मौज पाहावी. हाताच्या लेखनाची ही स्तुती त्याने १४९४ मध्ये माइन्त्स येथील पेटर फोन फ्रीडबर्ग या मुद्रकाकडून छापून घेतली. ही विसंगती सापडली की नवे अभ्यासक खूश होतात, मीही झालो होतो. पण पुस्तक नीट वाचल्यावर तिची धार बोथट होते, कारण छापील पुस्तकाला त्याचा विरोधच नव्हता. तो स्वतः छापील पुस्तके विकत घेई आणि त्याच मुद्रकाकडे स्वतःची कितीतरी पुस्तके देई. छापखान्यामुळे मठातील लेखनकक्ष रिकामा पडेल आणि हातांना काम राहणार नाही, ही त्याची खरी काळजी होती.

श्पोनहाइमच्या ग्रंथालयाची हकीकतही याच पायरीवर समजून घ्यावी. तो आला तेव्हा तेथे पन्नासाच्या आसपास ग्रंथ होते. १५०५ पर्यंत ते दोन हजारांच्या घरात गेले. त्यात लॅटिनखेरीज ग्रीक आणि हिब्रू पोथ्या होत्या, आणि त्या पाहण्यासाठी रॉइखलिन, कोनराड सेल्टिस, विम्फेलिंग असे नामवंत पंडित त्या आडगावी येत. काही ग्रंथ त्याने खरेदी केले, काही आपल्या भिक्षूंकडून उतरवून घेतले आणि काही दुसऱ्या मठांत धूळ खात पडलेले अदलाबदलीने मिळवले. मठ सोडावा लागला तेव्हा हे सगळे मागे राहिले. वुर्त्सबुर्गला त्याने पुन्हा संग्रह सुरू केला, पण पहिला कधी भरून निघाला नाही.

मध्येच : भाषा आणि प्रती यांविषयी

त्रिथेमियसचे जवळजवळ सगळे लेखन लॅटिनमध्ये आहे. ‘लेखनिकांची स्तुती’ इंग्रजीत वाचता येते. मोठे ग्रंथ मूळ मुद्रित प्रतींच्या छायाचित्रांतून पाहावे लागतात आणि म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर त्या विनामूल्य उघडता येतात. ज्यांना लॅटिन येत नाही त्यांनीही ही पाने जरूर पाहावीत. सांकेतिक ग्रंथांतील तक्ते समजायला बाराखडीची शिस्त पुरते, व्याकरण लागत नाही. चरित्रासाठी क्लाउस आर्नोल्ड या जर्मन इतिहासकाराच्या संशोधनाचा आधार घ्यावा. संतचरित्राच्या किंवा मंत्रतंत्राच्या बाजूने लिहिलेली पुस्तके त्यानंतर हाताळली तर चालतील, आधी नकोत.

चौथी पायरी : सूची, वाचण्यासाठी नव्हे तर चाळण्यासाठी

१४९४ मध्ये बाझेल येथे ‘धर्मविषयक लेखकांचा ग्रंथ’ छापला गेला. सुमारे एक हजार लेखक आणि त्यांच्या हजारो कृती यांची ही कालानुक्रमे लावलेली यादी आहे. लेखकाची थोडक्यात ओळख, मग त्याच्या ग्रंथांची नावे, आणि शक्य तेथे ग्रंथाचे आरंभीचे शब्द, अशी एकेका नोंदीची रचना आहे. आरंभीचे शब्द देण्याचे महत्त्व पोथ्यांवर काम करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको: मुखपृष्ठ नसलेली, शीर्षक हरवलेली पोथी ओळखण्याचा तोच एक भरवशाचा मार्ग असे. लेखकांच्या पहिल्या नावांची वर्णानुक्रमणीही जोडलेली आहे, आणि म्हणूनच हे पुस्तक खरोखर वापरता येई. स्वतःचीही नोंद त्याने वगळलेली नाही. पाठोपाठ १४९५ मध्ये जर्मन विद्वानांची स्वतंत्र सूची आली. इटलीतले पंडित जर्मनांना रानटी समजत, त्याला दिलेले ते उत्तर होते.

येथे एक छोटा स्वाध्याय करावा. परिचयाचा एखादा मध्ययुगीन लेखक, उदाहरणार्थ कँटरबरीचा अँसेल्म, या सूचीत शोधावा आणि दिलेल्या ग्रंथनामांची आजच्या यादीशी तुलना करावी. काही नावे जुळतील, काही दुसऱ्याच कोणाच्या कृती निघतील. सूचिकाराने किती पोथ्या प्रत्यक्ष हाताळल्या आणि कुठे ऐकीव माहितीवर विसंबला, हे अशा तुलनेतून दिसू लागते.

पाचवी पायरी : त्याच्या साक्षीदारांना उलटतपासणी

इतिहासकार म्हणून त्रिथेमियस लोभस आहे आणि धोकादायकही. हिर्साउ या जुन्या, प्रतिष्ठित मठाचा विस्तृत इतिहास त्याने दोनदा लिहिला. दुसरा, मोठा पाठ १५१४ मध्ये पूर्ण झाला आणि १६९० मध्ये संत गालेन येथे छापला गेला. त्यात तो मेगिनफ्रिड नावाच्या फुल्डाच्या भिक्षूचा आधार वारंवार देतो. फ्रँक लोकांच्या प्राचीन इतिहासासाठी हुनिबाल्ड नावाचा बखरकार त्याच्या मदतीला येतो आणि फ्रँकांची वंशावळ थेट ट्रॉय नगरीपर्यंत नेऊन भिडवतो. अडचण एवढीच आहे की या दोघांचे लेखन त्रिथेमियसखेरीज कोणी कधी पाहिले नाही. जर्मन सम्राट माक्सिमिलियनला आपल्या घराण्याची मुळे ट्रॉयमध्ये हवीच होती, म्हणून त्याने हुनिबाल्डची पोथी मागितली. ती श्पोनहाइमला राहिली, असे उत्तर मिळाले. तेथे शोधली तेव्हा ती सापडली नाही. हे दोन्ही साक्षीदार त्रिथेमियसनेच निर्माण केले, यावर आजच्या अभ्यासकांचे एकमत आहे.

दोन हजार खरे ग्रंथ जमवणाऱ्याला खोटे दोन का रचावे लागले, या प्रश्नाजवळ थोडे थांबावे. सर्व काही कुठेतरी लिहून ठेवलेले असलेच पाहिजे, अशी ज्याची श्रद्धा आहे, त्याला कपाटातील रिकामी जागा सहन होत नाही, असा माझा तर्क आहे. सम्राटाची मर्जी हेही कारण होतेच. व्यवहाराचा नियम मात्र सोपा आहे: त्याच्या इतिहासातील विधान दुसऱ्या स्वतंत्र साधनातून मिळाले तर घ्यावे, एरवी ‘त्रिथेमियस म्हणतो’ असे लिहून पुढे जावे. बालपणीच्या हकीकतीला मी पुस्ती का जोडली, ते आता लक्षात आले असेल.

सहावी पायरी : हातात पेन्सिल घेऊन ‘पोलिग्राफिया’

वुर्त्सबुर्गला १५०८ मध्ये लिहून झालेला आणि त्याच्या मृत्यूनंतर, १५१८ मध्ये, प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ सांकेतिक लेखनावरील पहिले छापील पुस्तक होय. सम्राट माक्सिमिलियनला तो अर्पण केलेला आहे. एकूण सहा भागांपैकी नवख्याने पहिला आणि पाचवा तेवढा पाहावा.

पहिल्या भागात शेकडो रकाने आहेत. प्रत्येक रकान्यात वर्णमालेतील प्रत्येक अक्षरासमोर एक लॅटिन शब्द दिलेला आहे. निरोपाचे पहिले अक्षर पहिल्या रकान्यात शोधून त्याच्या जागी तेथला शब्द लिहायचा, दुसरे दुसऱ्या रकान्यात, असे पुढे जायचे. पहिल्या रकान्यात ‘ए’साठी ‘देउस’ म्हणजे देव आहे. दुसऱ्यात ‘बी’साठी ‘क्लेमेन्तिस्सिमुस’ म्हणजे परमदयाळू. रकाने अशा युक्तीने लावले आहेत की कोणताही निरोप घातला तरी बाहेर पडते ती व्याकरणशुद्ध प्रार्थना. वाटेत पत्र उघडणाऱ्याला एक भाविक भिक्षू देवाची आळवणी करताना दिसेल. प्रार्थनेच्या शब्दांचा एवढा साठा आणि त्यांच्या जोडण्या जिभेवर असलेला माणूस मठातच घडू शकतो. म्हणून हा भाग मला त्याच्या सर्व युक्त्यांत सर्वांत बेनेडिक्टाइन वाटतो.

पाचव्या भागात तो प्रसिद्ध चौकोनी तक्ता आहे. चोवीस अक्षरांची ओळ चोवीस वेळा लिहिलेली असते आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर सरकलेली असते. निरोपाचे पहिले अक्षर पहिल्या ओळीतून, दुसरे दुसऱ्या ओळीतून घ्यायचे. ‘या माणसापासून सावध राहा’ अशा अर्थाचे ‘हुंक कावेतो विरुम’ हे त्याचे स्वतःचे उदाहरण आहे. त्यातील पहिल्या शब्दाची ‘एच, यू, एन, सी’ ही अक्षरे ‘एच, एक्स, पी, एफ’ अशी होतात. त्याच्या अक्षरमालेत ‘व्ही’ ही वेगळी नव्हती, म्हणून ‘यू’नंतर लगेच ‘एक्स’ येते.

हे देवनागरीत करून पाहिल्यास अधिक पक्के होते. ‘क’पासून ‘म’पर्यंतची पंचवीस व्यंजने एका ओळीत लिहा. शब्द घ्या ‘गणपत’. पहिले अक्षर जसेच्या तसे ठेवा, दुसरे एक घर पुढे न्या, तिसरे दोन घरे, चौथे तीन घरे. ‘ग’ तसाच राहतो, ‘ण’चा ‘त’ होतो, ‘प’चा ‘ब’ आणि ‘त’चा ‘ध’. निरोप झाला ‘गतबध’. आता ‘कककक’ लिहून पाहा. उत्तर येते ‘कखगघ’. एकच अक्षर चार वेळा आले आणि चारही वेळा निराळे झाले, यातच या पद्धतीची ताकद आहे. महानुभाव पंथाच्या सकळ लिपीत एका अक्षराला एकच ठरलेले चिन्ह असते, त्यामुळे पुरेसा मजकूर हाती आला की कोणते चिन्ह वारंवार येते, यावरून लिपीचा माग काढता येतो. त्रिथेमियसच्या तक्त्यावर ती मोजणी थेट चालत नाही. मात्र सरकण्याचा क्रम ठरलेला असल्यामुळे पद्धत ठाऊक असलेल्याला निरोप लगेच वाचता येतो. किल्लीशब्द वापरून क्रम बदलण्याची सुधारणा याच शतकात पुढे इटलीत झाली.

सातवी पायरी : आता ‘स्टेगॅनोग्राफिया’

आधीच्या पायऱ्या चढून आलेल्यानेच हा ग्रंथ उघडावा. नावाचा अर्थ ‘झाकलेले लेखन’ असा आहे. सकळ लिपीतील पान पाहणाऱ्याला येथे काही गुप्त आहे, हे दिसते. झाकलेल्या लेखनात गुप्त काही आहे याचाच सुगावा लागू द्यायचा नसतो. समजा, तार आली: ‘सामान वरच्या धर्मशाळेत राहिले, हातगाडी पाठवा.’ पोस्टमन ती निर्धास्तपणे देईल. घेणाऱ्याला मात्र पहिल्या पाच शब्दांची आद्याक्षरे जोडायची, हे आधीच ठरवून दिलेले आहे, आणि तो ‘सावध राहा’ एवढेच वाचतो.

१४९९ मध्ये त्रिथेमियसने हे काम हाती घेतले आणि गेंट येथील आर्नोल्ड बोस्टियुस या कार्मेलाइट पंथातील भिक्षू मित्राला मोठ्या फुशारकीचे पत्र लिहिले. आपण दूरवरच्या माणसाला दूताशिवाय मनातले कळवू शकतो, निरक्षराला तासा-दोन तासांत लॅटिन शिकवू शकतो, असे त्यात होते. पत्र पोचण्याआधीच बोस्टियुस वारला होता. दुसऱ्यांनी ते फोडले, त्याच्या नकला फिरल्या आणि हा मठाधिपती सैतानाशी संधान बांधून असल्याची कुजबुज सुरू झाली. पुढे शार्ल द बोव्हेल हा फ्रेंच विद्वान श्पोनहाइमला पाहुणा म्हणून आला. ग्रंथाचे हस्तलिखित त्याने चाळले, त्यातील पिशाचांची नावे पाहून तो हादरला, आणि १५०९ मधल्या पत्रात त्याने ग्रंथ जाळून टाकावा, असे लिहिले. त्रिथेमियसने या आरोपाला उत्तर दिले, पण ‘स्टेगॅनोग्राफिया’ छापली नाही आणि पूर्णही केली नाही. याच काळात, १५०७ मध्ये, त्याने हायडेलबर्गच्या एका ज्योतिर्विदाला लिहिलेल्या पत्रात फाउस्टुस नावाच्या फिरत्या जादूगाराला भटक्या, बडबड्या आणि फटके देण्याच्या लायकीचा ठरवले आहे. पुढे दंतकथा झालेल्या फाउस्टविषयीच्या अगदी जुन्या साक्षींपैकी ही एक.

हस्तलिखिताच्या नकला मात्र हिंडत राहिल्या. १५६३ मध्ये इंग्रज गणिती जॉन डी याला अँटवर्पमध्ये एक प्रत मिळाली आणि दिवसरात्र बसून त्याने ती हाताने उतरवून घेतली. लेखनिकांची स्तुती करणाऱ्याच्या ग्रंथाला हे नशीब लाभावे, ही गंमत सोडू नये. १६०६ मध्ये फ्रांकफुर्ट येथे ग्रंथ छापला गेला आणि १६०९ मध्ये रोमच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत दाखल झाला.

पहिल्या भागात एकेका पिशाचाचे नाव, त्याची दिशा, त्याचे सेवक आणि त्याला बोलावण्याचा अगम्य मंत्र, असा थाट आहे. पादिएल या पिशाचाचा मंत्र ‘पादिएल आपोर्सी मेसार्पोन ओमेउआस पेलुदिन माल्प्रेआक्सो’ असा सुरू होतो. यातील एकाआड एक शब्द सोडा. राहिलेल्या शब्दांत एकाआड एक अक्षर सोडा. ‘आपोर्सी’ रोमन लिपीत ‘ए, पी, ओ, आर, एस, वाय’ असे लिहिले जाते. त्यातून ‘पी, आर, वाय’ उरतात. ‘ओमेउआस’मधून ‘एम, यू, एस’ उरतात, आणि ‘माल्प्रेआक्सो’मधून ‘ए, पी, ई, एक्स’. जोडून वाचले की ‘प्रिमुस आपेक्स’ असे लॅटिन शब्द येतात आणि त्यांचा संबंध पहिल्या अक्षराशी आहे. म्हणजे मंत्राच्या पोटात निरोप वाचण्याची सूचनाच दडलेली आहे. माझ्या अनुभवात हा क्षण प्रत्येक नवख्याने स्वतः पेन्सिलीने गाठावा, कुणी सांगून ऐकू नये. मी तो येथे फोडला याबद्दल क्षमस्व, पण पुढचे मंत्र शिल्लक आहेत. पहिल्या दोन भागांची किल्ली १६०६ मध्येच स्वतंत्रपणे छापली गेली होती, त्यामुळे अडल्यास तिचा आधार घेता येतो.

तिसरा, अपुरा भाग मात्र तीनशे-चारशे वर्षे अडून राहिला. त्यात ग्रह आहेत, ग्रहांचे अधिष्ठाते आहेत, आणि अंकांचे लांबलचक तक्ते आहेत. पहिल्या दोन भागांत संकेतलेखन असले तरी हा भाग खरोखर मंत्रविद्येचाच आहे, असे पुष्कळ गंभीर अभ्यासकही मानू लागले होते. १६७६ मध्ये वोल्फगांग एर्न्स्ट हायडेल याने आपण तो उलगडल्याचे जाहीर केले, पण उत्तर स्वतःच्या सांकेतिक लिपीत लिहिले, त्यामुळे कुणाचा विश्वास बसला नाही. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात टॉमस एर्न्स्ट या जर्मन साहित्याच्या अभ्यासकाने आणि त्याच्याविषयी काही ठाऊक नसताना जिम रीड्स या अमेरिकन गणितज्ञाने तक्त्यांतील अंकांमागची अक्षरे शोधून काढली. एर्न्स्टचा लेख १९९६ मध्ये आला, रीड्सचा १९९८ मध्ये. मग हायडेलची लिपीही सुटली आणि त्याचा दावा खरा होता, हे सिद्ध झाले.

अंकांच्या आड काय होते? एके ठिकाणी ‘गाझा फ्रेक्वेन्स लिबिकोस दुक्सित कार्थागो त्रिउम्फोस’ ही लॅटिन ओळ निघाली. लॅटिन वर्णमालेतील प्रत्येक अक्षर तिच्यात एकदा तरी येते; बोरू चालतो की नाही ते पाहायला लिहितात तसली ओळ. दुसऱ्या ठिकाणी साध्या जर्मन भाषेत एक निरोप होता: हे पत्र आणणारा माणूस लबाड आणि चोर आहे, त्याच्यापासून जपून राहा, तो तुमचे काही वाईट करायला निघाला आहे.